सदाफुलीची कुंडी: इंकस्केपमधल्या कामाच्या नोंदी

सोमवार, २ डिसेंबर २०२४

ताईच्या रोपवाटिकेचं काम. सदाफुलीच्या कुंडीचं एकच चित्र, पण जाणार दोन टोकांच्या ठिकाणी: कुंडीवर चिकटवायचा ३५ मिलिमीटर उंचीचा स्टिकर, आणि जानेवारीतल्या कृषी प्रदर्शनात स्टॉलच्या मागे लावायचा ६ बाय ३ फुटांचा फ्लेक्स. फ्लेक्सवर कुंडी साधारण ८०० मिलिमीटर उंच येईल, म्हणजे स्टिकरच्या जवळजवळ तेवीसपट. ताईच्या मोबाईलमध्ये सदाफुलीचे फोटो ढीगभर आहेत, पण स्टिकरवर त्यातलं फूल म्हणजे नुसता गुलाबी डाग दिसतो आणि फ्लेक्सवर ते फुटतं. त्यामुळे व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी वक्रांनी बनलेलं, कितीही मोठं केलं तरी न फुटणारं चित्र.

सॉफ्टवेअर इंकस्केप, आवृत्ती १.४. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत सगळा कारभार कोरल या दुसऱ्या व्हेक्टर सॉफ्टवेअरवर चालतो, तेव्हा फाईल शेवटी कोरलमध्येच उघडली जाणार हे गृहीत धरूनच सुरुवात. म्हणून नियम आधीच ठरवून टाकले. ब्लर (कडा धूसर करणं) नाही, कारण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाताना त्याचा बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) होतो. मेश ग्रेडियंट (जाळीवर मिसळत जाणाऱ्या रंगछटा) नाही. क्लिप आणि मास्क (एका आकाराने दुसऱ्याचा काही भाग लपवणं) नाहीत. आणि स्ट्रोक (आकाराच्या कडेची रेघ) अजिबात नाही, सगळे आकार फक्त फिलचे (आत भरलेल्या रंगाचे). स्ट्रोकची जाडी चित्र लहानमोठं करताना सोबत बदलायची की नाही, हे प्रत्येक ठिकाणच्या सेटिंगवर असतं. ते कुठलं बटण कोण दाबून ठेवेल, सांगता येत नाही.

पान १०० बाय १०० मिलिमीटर. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिलिमीटर करून घेतलं.

मंगळवार, ३ डिसेंबर

ताईने एक कुंडी टेबलावर आणून ठेवली. आज कॉम्प्युटरला हात नाही, फक्त पाहणं आणि पेन्सिल.

सदाफुलीच्या नावाने जी क्लिपआर्ट मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांनी झाड पाहिलेलं नसावं. पाच सारख्या पाकळ्या गोल फिरवलेल्या, मध्ये पिवळे पुंकेसर. सदाफुलीचे पुंकेसर बाहेर दिसतच नाहीत, ते नळीच्या आत असतात. बाहेर दिसतं ते एक बारीक तोंड, त्याभोवती पिवळसर कडं आणि त्याबाहेर गडद डोळा. डोळ्याची कडाही साधी गोल नाही. प्रत्येक पाकळीच्या मध्यावर रंग जरा पुढे सरकलेला, त्यामुळे तो पाच टोकांचा झालेला.

पाकळी एकसारखी नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिची एक बाजू फुगीर, दुसरी जवळजवळ सरळ, टोकाला अगदी छोटी अणी. आणि प्रत्येक पाकळीची एक कडा शेजारणीच्या वर, दुसरी कडा दुसऱ्या शेजारणीच्या खाली. कागदी भिरभिऱ्यासारखी गुंफण. कळीत पाकळ्या पिळून बसलेल्या असतात, त्याचा हा परिणाम. हे फक्त हिचं नाही. तगर, चाफा, कण्हेर सगळ्यांचं असंच आहे आणि ही सगळी एकाच कुळातली मंडळी. या कुंडीवरची फुलं एकेक करून पाहिली, सगळी एकाच दिशेला वळलेली. जास्वंदीच्याही पाकळ्या अशाच गुंफलेल्या असतात, पण तिथे एकाच झाडावर डावी-उजवी दोन्ही वळणं सापडतात.

पानं समोरासमोर जोडीने, आणि एका जोडीवर पुढची जोडी काटकोनात. मधली शीर फिकट, ठळक. टोक गोलसर. फुलं वरच्या पानांच्या बेचक्यात. खाली दोन शेंगा जोडीने उभ्या, बारीक. कळी टोकदार, अंगावर पिळाची रेघ.

बुधवार, ४ डिसेंबर

कुंडी झाली. मातीची, जुन्या पद्धतीची, वर जाड किनार.

फूल नीट येतं पण कुंडी खोटी वाटते, असं बऱ्याच चित्रांत होतं, आणि कारण नेहमी तळाशी असतं. आपण कुंडीकडे जरा वरून पाहतो, म्हणून तोंड लंबगोल दिसतं, एवढं सगळ्यांना माहीत. पण तळ डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली आहे, त्यामुळे तळाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा दिसायला हवा. तळाला सरळ रेघ मारली की कुंडी पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दिसते. माझं माप: तोंड ६० बाय १४, तळ ३८ बाय ११. पहिल्याचं प्रमाण ०.२३, दुसऱ्याचं ०.२९. फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण कुंडी टेबलावर बसते.

कृती सोपी. बेझिए पेनने (रेषा आणि वक्र काढायचं साधन) सरळ बाजूंचा समलंब चौकोन, खाली तळाचा लंबगोल, दोन्ही निवडून युनियन, म्हणजे दोन्हींचा एक आकार (कंट्रोल आणि अधिक). किनारही तशीच, वेगळी. वर तोंडाचा लंबगोल, त्यात जरा लहान मातीचा.

सावलीसाठी ग्रेडियंट न वापरण्याची युक्ती: अंगाच्या दोन प्रती (कंट्रोल डी), एक प्रत ९ मिलिमीटर डावीकडे सरकवायची, आणि दुसरीतून ती वजा करायची (कंट्रोल आणि उणे). उजवीकडे चंद्रकोरीसारखा पट्टा उरतो, त्याला गडद रंग. किनारीची अंगावर पडणारी सावली: किनारीची प्रत अडीच मिलिमीटर खाली, अंगाच्या प्रतीशी इंटरसेक्शन, म्हणजे दोन्हींचा सामाईक भाग तेवढा ठेवायचा. उजेड डावीकडून, हे आता सगळ्या चित्रासाठी पक्कं.

रंग, आरजीबीत (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५): अंग १८८, ९६, ६२. सावली १५२, ७०, ४६. किनारीवरचा उजेड २१२, १२८, ९२.

कुंडीच्या खालच्या भागावर क्षाराचा पांढरा थर असतो ना, तोही काढला होता. मला फार आवडला. ताईने लगेच बोट ठेवलं, "हे पुसून टाक रे, लोकांना वाटेल जुनी कुंडी गळ्यात मारतेय." पुसला.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पाकळी. अख्ख्या चित्रात वेळ जाणार तो इथेच.

चार नोड (वक्र ज्या बिंदूंवर बांधलेला असतो ते): बुडाशी एक, दोन्ही बाजूंना एकेक, टोकाला एक. टोकाचा कस्प (टोकदार), बाजूंचे स्मूद (सलग वळणाचे). जास्त नोड टाकायचा मोह होतो, कारण प्रत्येक नव्या नोडने आकार पेन्सिलच्या स्केचच्या थोडा जवळ जातो. पण प्रत्येक नोड म्हणजे वक्राला एक सांधा, आणि ८०० मिलिमीटरच्या कुंडीवर सांधे दिसतात. नोड तिथेच, जिथे वळणाचा स्वभाव बदलतो. बाकी सगळं हँडलवर, म्हणजे नोडमधून निघणाऱ्या, वक्राचा बाक ठरवणाऱ्या दांडीवर सोडायचं. हँडलची लांबी त्या तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश असेल तर वक्र शहाण्यासारखा वागतो. हँडल फार लांब केलं की पोट फुगतं, फार आखूड केलं की नोडजवळ कोपरा आल्यासारखा वाटतो.

हे वक्र मुळात मोटारींसाठी आले. सित्रोएंमधले पॉल द कास्टल्जो १९५९ पासून यावर काम करत होते, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. रेनॉमधल्या पिएर बेझिए यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून नाव त्यांचं लागलं. गाडीच्या पत्र्याचा बाक आणि सदाफुलीची पाकळी, दोन्हीला तेच गणित पुरतं.

पाकळीचा फिरण्याचा मध्य बदलणं: आकारावर एकदा क्लिक केलं की लहानमोठं करायचे बाण, पुन्हा क्लिक केलं की फिरवायचे बाण आणि मध्यावर छोटी फुली. ती फुली ओढून फुलाच्या मध्यावर, दोन गाईड (मदतीच्या रेघा) जिथे छेदतात तिथे, स्नॅप चालू ठेवून बसवायची. मग डुप्लिकेट, आणि ट्रान्सफॉर्मच्या खिडकीत ७२ अंश. प्रतीलाही तोच मध्य मिळतो, त्यामुळे डुप्लिकेट, ७२, डुप्लिकेट, ७२ असं करत फूल पुरं.

इंकस्केपमध्ये रोटेट कॉपीज नावाचा पाथ इफेक्ट आहे, तो हे सगळं एका फटक्यात करतो. रांगोळीसारख्या नक्षीला उत्तम. इथे घेतला नाही, कारण त्यात पाचही पाकळ्या एकाच वस्तूचा भाग राहतात आणि मला प्रत्येकीची वर-खाली जागा वेगळी हवी आहे. ते उद्या.

शनिवार, ७ डिसेंबर

गुंफण.

व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये वस्तू एकावर एक रचलेल्या असतात. कुठल्या तरी एकीला सगळ्यात खाली बसावं लागतं, एकीला सगळ्यात वर. सदाफुलीत तसं नाही. पहिलीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, तिसरीवर चौथी, चौथीवर पाचवी, इथवर रचना जमते. पण पाचवीवर पुन्हा पहिली हवी, आणि ती बिचारी तळाला. पेज अप, पेज डाऊन कितीही दाबा, हे चक्र रांगेत बसत नाही. बहुतेक तयार चित्रांमध्ये म्हणूनच एक पाकळी दोन्ही बाजूंनी वर आणि एक दोन्ही बाजूंनी खाली असते. माहिती नसलेल्यालाही तिथे काहीतरी खटकतं, फक्त काय ते सांगता येत नाही.

पहिला मार्ग क्लिपचा: पहिल्या पाकळीची प्रत सगळ्यात वर आणायची आणि पाचवीच्या बाजूचा तेवढाच तुकडा क्लिपने दाखवायचा. काम होतं, पण क्लिप नाही हा नियम आपलाच.

दुसरा मार्ग, जो घेतला: पाचवीतून पहिली वजा करायची. पहिली पाकळी डुप्लिकेट केली, ती प्रत आणि पाचवी निवडून डिफरन्स. पाचवीला पहिलीच्या कडेच्या आकाराची खाच पडते, आणि त्या खाचेतून तळाची पहिली दिसते. नजरेला पहिली वर, रचनेत ती खालीच. एका क्लिकचं काम.

पण झूम केलं तर त्या खाचेच्या कडेला केसासारखी फिकट रेघ. दोन आकारांच्या कडा तंतोतंत एकावर एक आल्या की असं होतं. पडद्यावर प्रत्येक आकाराची कडा वेगळी मऊ केली जाते, दोन अर्धवट पारदर्शक कडांमधून मागचा पांढरा डोकावतो. ही छपाईतल्या ट्रॅपची जुनी गोष्ट: दोन रंग शेजारी छापताना एक रंग दुसऱ्याखाली जरासा सरकवून ठेवतात, म्हणजे कागद हलला तरी मध्ये पांढरं दिसत नाही. तोच उपाय. वजा करायच्या प्रतीला आधी इनसेट देऊन दशांश एक मिलिमीटर आत घेतलं, मग डिफरन्स. आता पाचवीची कडा पहिलीवर किंचित चढते आणि रेघ गायब.

पाकळ्यांमधली सावलीही इथेच उरकली. वरच्या पाकळीची प्रत खालचीच्या दिशेने ४ अंश फिरवायची, खालच्या पाकळीच्या प्रतीशी इंटरसेक्शन, आणि जो तुकडा उरतो त्याला गडद गुलाबी. तो तुकडा रचनेत बरोबर त्या दोन पाकळ्यांच्या मध्ये. पाचव्या जोडीला तो खाच पाडलेल्या पाचवीवर बसतो. एवढं केल्यावर फूल कागदावरून उठलं. ग्रेडियंट एकही नाही. माझं मत आता आणखी पक्कं झालंय की फूल खरं वाटतं ते कोण कोणाच्या वर आहे यावरून. रंगछटांचा नंबर त्यानंतर.

डोळा: स्टारच्या टूलने पाच टोकांचा तारा, राउंडेड थोडा वाढवून, टोकं पाकळ्यांच्या मध्यावर. तोंड पिवळसर, त्यात गडद ठिपका.

रंग: पाकळी २१४, ७२, १४८. सावली १८६, ४८, १२२. डोळा १५०, १६, ७०. तोंडाचं कडं २४०, २१०, ११०.

सोमवार, ९ डिसेंबर

फुलांच्या प्रती. समोरून दिसणारं एकच फूल पाचसहा ठिकाणी चिकटवलं तर साडीवरचा छाप वाटतो. सदाफुलीच्या बाबतीत एक सोय आहे. तिचा दर्शनी भाग अगदी सपाट आणि मागे बारीक नळी. त्यामुळे तयार फुलाचा गट करून उंची ६० टक्के केली आणि मग हवा तसा फिरवला की तिरकं दिसणारं फूल तयार. सपाट वस्तू तिरकी धरली की खरंच तशीच दबते. जास्वंदीला हा प्रकार चालला नसता, तिच्या पाकळ्या खोलगट आणि मध्ये लांब दांडा. दबवताना आडवा-उभा अनुपात सुटा हवा, म्हणजे वरच्या पट्टीतलं कुलूप उघडं.

तिरक्या फुलांना मागून नळी जोडली: फिकट हिरवट गुलाबी, टोकाला निमुळती. समोरून दिसणाऱ्या दोघांना नळी नाही, ती मागे लपते.

आडवं उलटवून (एच दाबून) वैविध्य आणता आलं असतं. आणलं नाही. उलटवलं की गुंफणीची दिशा बदलते, आणि सदाफुलीच्या एका झाडावर दोन दिशा नसतात. कोण बघणार आहे, असं वाटेल. ताईकडे वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त बाई रोपं घ्यायला येतात, त्या बघणार आहेत.

बुधवार, ११ डिसेंबर

पानं. एक पान नीट केलं: अर्धं काढून आरशातली प्रत जोडायची नाही, कारण बाकदार पानाचे दोन भाग सारखे नसतात. पूर्ण पानाचा एक पाथ, त्यावर मधल्या शिरेचा निमुळता तुकडा फिकट हिरवा, आणि शिरेच्या उजवीकडचा अर्धा भाग एक छटा गडद. तीन आकारांत पान संपतं.

जोड्यांची काटकोनातली रचना सपाट चित्रात अशी येते: एक जोडी डावी-उजवीकडे पूर्ण लांबीने पसरलेली, तिच्या वरच्या जोडीतलं एक पान आपल्याकडे येतं, म्हणून आखूड आणि रुंद, दुसरं मागे जातं, म्हणून फक्त टोक. मग पुन्हा पसरलेली जोडी. हे आखूड पान काढायचा सगळ्यांना कंटाळा येतो, म्हणून सगळी पानं दोन्ही बाजूंना लावून झाडाची शिडी करतात. आखूड पानामुळे झाड आपल्या अंगावर येतं.

खालची दोन पानं किनारीवरून बाहेर झुकवली, कुंडी आणि झाड एकमेकांना धरून राहतात. रचनेचा क्रम खालून वर: अंग, किनार, तोंड, माती, मागची पानं, खोड, पुढची पानं, कळ्या, फुलं. लेयरना तीच नावं दिली, मराठीत. इंकस्केपला चालतं.

गुरुवार, १२ डिसेंबर

कळ्या दोन, शेंगांची एक जोडी. "शेंगा कशाला?" ताई. "बी धरते हे कळू दे की लोकांना." "मग पुढच्या वर्षी रोपं कोण घेईल माझ्याकडून?" हसली, पण शेंगा राहिल्या.

शनिवार, १४ डिसेंबर

अक्षरं. अक्षरांचा टाईप 'मुक्त' नावाचा, मुंबईच्या 'एक टाईप' या टाईप बनवणाऱ्या संस्थेचा. मोफत, परवाना खुला, आणि लहान आकारात जोडाक्षरं भरत नाहीत.

मजकुरावरून चर्चा झाली. ताईने लिहून दिलेलं: "सदाफुली – कॅन्सर, मधुमेहावर गुणकारी." मी अडून बसलो. सदाफुलीपासून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं निघाली हे खरं. विनब्लास्टिन १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी वेगळं केलं. शोध सुरू झाला होता मधुमेहाच्या दिशेने, आणि निघालं भलतंच: अर्काने पांढऱ्या पेशी कमी होतात. पण पानांत ही द्रव्यं इतकी कमी असतात की थोडंसं औषध मिळवायला पानांचे ढीग लागतात, आणि बाकीचं जे पानात असतं ते विषारी. सकाळी उठून दोन पानं चावणारी माणसं आपल्याच गल्लीत आहेत. त्यांना रोपवाटिकेच्या स्टिकरने आणखी बळ द्यायचं?

"बरं बाबा, मग काय लिहू?"

"उन्हाचं लिही. पाण्याचं लिही. लोक झाड मारतात ते पाणी घालघालून."

शेवटी ठरलं: "सदाफुली. भरपूर ऊन. माती सुकल्यावरच पाणी. पोटात घेऊ नये." शेवटचं वाक्य ताईने स्वतः घातलं. घरात गाई-शेळ्या असलेली गिऱ्हाइकं बरीच आहेत, ते मला सुचलं नव्हतं.

सोमवार, १६ डिसेंबर

लहान आकाराची परीक्षा. चित्र ३५ मिलिमीटर करून घरच्या प्रिंटरवर, हातभर अंतरावरून पाहिलं.

गेलेल्या गोष्टी: शेंगा (काड्या वाटतात), मागच्या पानांच्या शिरा, तोंडातला ठिपका. पाव पॉइंट म्हणजे ०.०९ मिलिमीटरपेक्षा बारीक काहीही स्टिकरवर टिकत नाही. राहिलेल्या गोष्टी: गुंफण, आश्चर्यकारकरीत्या. पाकळ्यांमधली सावली मात्र जेमतेम.

त्यामुळे एकाच फाईलमध्ये 'बारकावे' नावाचा वेगळा लेयर. फ्लेक्सला चालू, स्टिकरला बंद. स्टिकरवर फुलंही कमी केली, पण मोठी. कुंडी लहान. सहा बारक्या फुलांपेक्षा तीन ठसठशीत बरी. सावलीचा रंग आणखी उतरवला: १६८, ३०, १०४.

मग उलटी परीक्षा. एका पाकळीवर झूम करून ती पडद्यावर फ्लेक्सइतक्या आकाराची केली. बाजूच्या एका नोडपाशी अगदी हलका कोन दिसत होता. नोड स्मूद करून (शिफ्ट एस) हँडल एका रेषेत आणले. कंट्रोल ५ ने आऊटलाईन व्ह्यूमध्ये पाहिलं तर एखादा हरवलेला तुकडा कुठेतरी फाईलच्या पानाबाहेर पडलेला सापडतोच. दोन सापडले.

बुधवार, १८ डिसेंबर

फ्लेक्सच्या दुकानात. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, "कोरल फाईल आहे का?" "पीडीएफ आहे." "कर्व्ह केलंय ना सगळं? नाहीतर अक्षरं फुटतात बघा, आमचं कोरल जुनं आहे." केलेलंच होतं. पीडीएफ काढतानाच मजकुराचे पाथ (अक्षरांऐवजी नुसते आकार) करण्याचा पर्याय निवडला होता. युनिकोड मराठीत हे न करता फाईल दिली तर जोडाक्षरांचे पाय मोडून येतात, आणि ते फ्लेक्स टांगल्यावर लक्षात येतं.

एसव्हीजी दिली नाही, जरी इंकस्केपची मूळ फाईल तीच आहे. एसव्हीजीत पिक्सेल म्हणजे इंचाचा ९६वा भाग, पण काही प्रोग्रॅम तो ७२वा भाग धरतात आणि चित्र सव्वापटीहूनही मोठं येतं. इंकस्केपमध्येही ०.९२ च्या आधी हा आकडा ९० होता, त्यामुळे जुन्या फाईली उघडताना कुठला आकडा धरायचा ते इंकस्केप विचारतं. पीडीएफमध्ये माप थेट जातं. ६ फूट म्हणजे १८२९ मिलिमीटर, २०० इंचांच्या मर्यादेच्या आरामात आत, म्हणून छोट्या प्रमाणात करून "दहापट करा" अशी चिठ्ठी जोडायची गरज पडली नाही. कोपऱ्यांना आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) ठोकतात, म्हणून चारही बाजूंनी दोन इंच मोकळे.

दुकानातल्या मुलाने फाईल उघडली, वायरफ्रेममध्ये पाहिली आणि म्हणाला, "एवढीच? नोड फारच कमी आहेत हो." हे कौतुक होतं, असं मी समजतो.

स्टिकरची कापायची रेघ: सगळ्या वस्तूंची प्रत, अनग्रुप, युनियन. त्या एका आकाराला ४ मिलिमीटरचा स्ट्रोक दिला (तो निम्मा बाहेर, निम्मा आत असतो, म्हणजे बाहेर २ मिलिमीटर), स्ट्रोक टू पाथ, पुन्हा मूळ आकाराशी युनियन. पानांच्या मधल्या फटींची भोकं राहतात, ती ब्रेक अपार्ट करून उडवली. नाहीतर प्लॉटर (स्टिकर कापायचं यंत्र) प्रत्येक भोकाभोवती इमानेइतबारे पातं फिरवत बसतो. शेवटी जो वक्र उरला त्याला कंट्रोल एल ने थोडं साधं केलं. ही रेघ वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात.

शुक्रवार, २० डिसेंबर

नमुने आले. गुलाबी ठीक. हिरवा बसलाय, शेवाळासारखा. इंकस्केप आरजीबीत काम करतं, छपाई निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंची. पडद्यावरचा झगझगीत हिरवा त्या शाईंत नसतोच. पडद्यावर कितीही रंग वाढवला तरी कागदावर तो बसणारच, म्हणून उलटं केलं. पानांचा हिरवा आधीच जरा पिवळसर आणि शांत घेतला: ८६, १३८, ५२. सावलीचा ५२, ९८, ४४. दुकानातल्या मुलाने कोरलमध्ये थेट शाईच्या टक्क्यांत पानं भरून एक पट्टी काढून दिली, सायन ७०, यलो १००, काळा थोडा. दोन्ही शेजारी धरल्यावर त्याची पट्टी ताजी वाटली. तीच घेतली. रंग ठरवायचा तर तो त्याच मशीनवरच्या पट्टीवरून, पडद्यावरून नाही.

स्टिकरवर सावली आता नीट दिसते. निवृत्त बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "गुंफण बरोबर आहे. नळीला फुगवटा का नाही?" नळीच्या वरच्या टोकाशी, तोंडाच्या जरा खाली, खरंच छोटा फुगवटा असतो, पुंकेसर तिथेच असतात. नळीच्या प्रत्येक बाजूला एक नोड वाढवला.

सोमवार, २३ डिसेंबर

अंतिम फाईली दिल्या: फ्लेक्सची पीडीएफ, स्टिकरची पीडीएफ कापायच्या रेघेसकट, मोबाईलवर पाठवायला एक पीएनजी. मूळ एसव्हीजी माझ्याकडे, ताईच्या पेनड्राईव्हवरही एक प्रत.

स्टिकरमध्ये पांढरी सदाफुली, लाल डोळ्याची, अशी दुसरी जातही हवी आहे. आकार तेच, फक्त फिल बदलायचे. पांढऱ्या पाकळीला पांढऱ्या स्टिकरवर कडा उरत नाही, त्यामुळे पाकळीला २४६, २३८, २४२ आणि फुलांच्या मागे पानं थोडी वाढवून घेणार.

त्यानंतर झेंडू मागितलाय. तिथे हे काही चालणार नाही. झेंडूत पाकळ्या मोजायच्याच नसतात, तिथे बाहेरची वाटोळी कडा आणि आतल्या दोन-तीन ओळींच्या झालरी एवढंच काढावं लागेल. पेन्सिलची वही घेऊन गुरुवारी रोपवाटिकेत.